भजनात बसवा, पण माईकपासून लांब

दसरा जवळ आला की कोकणातल्या गाण्याच्या क्लासांत नवी पोरं दाखल व्हायला लागतात. सरस्वतीची पूजा, गुरुजींना नारळ, पेटीला हळदकुंकू, आणि पाच-सात वर्षांचा एक जीव सतरंजीवर मांडी घालून बसतो. त्याच्या आधीचे पंधरा दिवस घरात आणि गावाच्या मोबाइल-ग्रुपवर एकच वाद रंगलेला असतो: क्लासला घालायच्या आधी पोराला भजनात बसवावं की नाही? गणपतीत ते रोज आरतीला टाळ बडवत होतं, बुवांच्या मागे बसून कोरस देत होतं. तेव्हाच कुणीतरी म्हणालं, "ह्याका गळो आसा, क्लासाक घाला." आता क्लासच्या बाई सांगतात, "आधी भजन बंद करा, आवाज बिघडतो." आणि भजनी मंडळातले आजोबा म्हणतात, "ह्येच्या रगतातच गाणा आसा, शिकवूचा कित्याक?" दोघंही ठाम. एकाला भजनात फक्त गळा फाटताना दिसतो, दुसऱ्याला भजनापलीकडे काही दिसतच नाही. मुळात पहिल्या शिकवणीला पोराजवळ काय असायला हवं, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

माझं मत सरळ आहे. पहिल्या शिकवणीआधीचे सहा महिने, जमलं तर वर्षभर, पोराला भजनात जरूर बसवावं. याहून चांगली पूर्वतयारी कोकणात दुसरी सापडायची नाही. मात्र त्याच्या हाती टाळ द्यावा, पेटी देऊ नये. त्याने तिथे ऐकावं, गाऊन दाखवू नये. आणि बसायची जागा माईकपासून, त्याहूनही डबलबारीपासून, म्हणजे दोन मंडळांच्या समोरासमोरच्या भजन-सामन्यापासून, लांब असावी. घरच्या घरी सारेगम पाठ करून घेणं, बॅटरीवरचा कीबोर्ड आणून देणं, व्हिडिओ लावून अलंकार (सुरांचे ठरावीक पलटे) घोटवणं, या तीन गोष्टींना मात्र फाटा द्यावा. तयारीच्या नावाखाली चाललेला हा उद्योग शिकवणाऱ्याचे पुढचे चार महिने खातो.

क्लासच्या बाईंचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही, हे आधी कबूल करू. भजनातला बुवा स्वतःच्या गळ्याच्या वरच्या टोकाला गातो. त्याला पखवाज आणि चार-पाच झांजांच्या वरून ऐकू जायचं असतं, मांडवाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं असतं. मोठ्या माणसाचा कमावलेला गळा ते सोसतो. शेजारी बसलेलं पोर सुराची नक्कल करायच्या आधी ताणाची नक्कल करतं: हनुवटी वर, खांदे कानाशी, मानेच्या शिरा टरारलेल्या. स्वरतंतू कोवळे असतात. दहा दिवस असं ओरडलं की ते सुजतात आणि आवाज घोगरा होतो. तो पंधरवड्यात उतरतो, पण ओरडण्याची सवय उतरत नाही, आणि नेमकी तीच घेऊन पोर क्लासला येतं. शिकवणारा "हळू म्हण" म्हणतो तेव्हा त्याचा आवाजच नाहीसा होतो, कारण हळू आणि सुरात असं दोन्ही एकदम करायची त्याच्यावर कधी वेळच आलेली नसते.

दुसरा आक्षेप लयीचा. गजर ठायीत, म्हणजे संथ लयीत, सुरू होऊन द्रुतात, म्हणजे जलद लयीत, चढतो, ती त्याची गंमतच आहे. पण तो जाणून चढवलेला असतो. घरगुती आरती मात्र नकळत पळते. पहिलं कडवं सावकाश, शेवटचं जवळपास दुप्पट वेगात, आणि मंत्रपुष्पांजलीपर्यंत कुणाला कुणाचा पत्ता नाही. पोराच्या मनात बसतं की रंग चढणं म्हणजे वेग वाढणं. तिसरा आक्षेप माईकचा. एको लावलेल्या स्पीकरमध्ये सूर थोडा खाली असला तरी तो घुमण्यात झाकला जातो, आणि त्या आवाजाशेजारी तीन तास बसलेल्या लहान कानाला बारीक फरक कळायचे बंद होतात. डबलबारीत तर समोरासमोरच्या दोन मंडळांचे स्पीकर आणि मध्यरात्र उलटेपर्यंत जागरण. तिथे सहा वर्षांच्या पोराला नेऊन बसवणाऱ्याची मी कड घेणार नाही.

पण ही दूषणं ओरडण्याची, घाईची आणि स्पीकरची. ती काढून टाकली की भजनात काय उरतं, ते पाहण्यासाठी पहिल्या शिकवणीत नेमकं काय घडतं ते बघावं लागेल. शिकवणारा पेटीवर एक सूर धरतो आणि म्हणतो, "आ कर." कुणी पोर बोलल्यासारखं "आ" म्हणून मोकळं होतं. कुणी आपल्याच कुठल्यातरी सुरात गातं आणि आपण वेगळ्या जागी आहोत याची त्याला गंधवार्ताही नसते. कुणी चुकतं, थबकतं, सरकतं, आणि तिसऱ्या खेपेला पेटीच्या सुरात जाऊन बसतं. हे तिसरं पोर उपजत गुणी असेलच असं नाही. त्याने चार कामं लागोपाठ केली: सूर ऐकला, क्षणभर ध्यानात धरला, आपला आवाज टाकला आणि दोन्ही ताडून पाहिले. पहिल्या दोघांना चौथं काम करायचं असतं हेच माहीत नाही. ते तोंडी सांगून कळत नाही. दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळल्यावर दोन्ही एक झाल्याचा जो भास होतो, तो शंभर वेळा अनुभवावा लागतो. आठवड्यातून दोनदा तासभर, तोही दहा पोरांत वाटून, एवढ्यात क्लास हे कुठून देणार? घरच्या भजनाची एक बैठक दोन-अडीच तासांची. तेवढा वेळ एकच सूर कानावर असतो, एकच ठेका चालू असतो आणि भोवताली दहा-बारा माणसं त्याच सुरात मिसळत असतात. वर मांडी घालून, न चुळबुळता बसायची सवय फुकटात लागते. अर्धी पोरं पहिल्या महिन्यात कंटाळतात ती सुरामुळे नाही, पाय दुखतात म्हणून.

आता घरात सारेगम शिकवून पाठवण्याबद्दल. "आधीच थोडं येत असलं तर मागे पडणार नाही" हा युक्तिवाद शाळेच्या प्रवेशावरून आला आहे, आणि गाण्यात तो उलटा पडतो. घरात पाठ केलेलं सारेगम पाढ्यांसारखं येतं. सा-रे-ग-म-प-ध-नि-सा एका दमात, पण रे आणि ग जवळपास एकाच जागी, म कुठेतरी मधे लोंबकळत आणि वरचा सा आपल्या जागेच्या बराच खाली. नावं पक्की, जागा कच्च्या. मग शिकवणाऱ्याला आधी ती नावं सोलून काढावी लागतात, आणि चिकटलेली गोष्ट सोलणं कोऱ्या पाटीवर लिहिण्यापेक्षा अवघड असतं. कीबोर्डने यात दुसरीच भर पडते. रंगीत ठिपके चिकटवलेल्या पट्ट्यांवर आकडे बघून पोर आठवड्यात सिनेमाचं गाणं वाजवतं आणि घरदार हरखतं. पण तिथे काम करतात डोळे. तेच गाणं दोन पट्ट्या वर सरकवून वाजवायला सांगा, बोटं जागच्या जागी थिजतात. शिवाय तालाचं बटण दाबलं की ठेका आपोआप वाजतो, म्हणजे लय धरायची जबाबदारीही गेली. खेळणं म्हणून आणा, माझी हरकत नाही. तयारी म्हणून नको.

इतिहासही इथे क्लास-विरुद्ध-भजन या मांडणीच्या बाजूने नाही. संगीताचा क्लास ही कल्पना ज्यांनी आपल्याकडे रुजवली त्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली वेळ, छापील पुस्तकं, परीक्षा: आज सावंतवाडी-चिपळूणच्या क्लासातलं पोर ज्या साच्यात शिकतं तो साचा तिथला. पण खुद्द पलुसकर आले कुठून? कुरुंदवाडच्या कीर्तनकाराच्या घरातून. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम सुरू होण्याआधी त्यांच्या कानावर पडलं होतं ते कीर्तन, आणि पुढेही भजन हे त्यांच्या गायनाचं आणि प्रचाराचं मोठं अंग राहिलं. इकडे गोव्यात जितेंद्र अभिषेकी १९२९ साली मंगेशीला जन्मले तेही देवळात कीर्तन करणाऱ्याच्या घरात. गोव्याचं आणखी एक उदाहरण भजनाच्या पलीकडचं आहे म्हणून जास्त बोलकं आहे. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांमधून मुलांना सुरावट वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत, आणि तीच मुलं रविवारी प्रार्थनेच्या गायनात उभी असत. त्या परंपरेतून निघालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद भरून काढले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. त्यांचे वडील तिथल्या चर्चमध्ये गायकवृंद सांभाळत. म्हणजे कीर्तन असो, भजन असो, चर्चमधलं समूहगान असो की मुसलमान मोहल्ल्यातलं मौलूद (पैगंबरांची स्तुतिगीतं), पोर आधी माणसांच्या घोळक्यात सुराशी ओळख करून घेतं आणि मग एकट्याने शिकायला बसतं. जिथे हा क्रम पाळला गेला तिथे नंतरच्या तालमीला जमीन मिळाली.

मग आजोबांचं खरं मानायचं का? रक्तात असेल तर शिकवायचं कशाला? यातलं खरं एवढंच की ज्या घरात रोज संध्याकाळी कुणीतरी गुणगुणतं त्या घरातलं पोर कानाने पुढे असतं. ते रक्त नाही, शेजार आहे. दत्तक पोरालाही तो मिळतो आणि नातवाला दुसऱ्या शहरात वाढवलं तर त्यालाही मिळत नाही. रक्तच पुरलं असतं तर पखवाज्याने हात बसायला वर्षानुवर्षं का घासली असती? आणि भजन एकट्याने जिथवर नेतं तिथली वेसही ओळखावी. दहा वर्षं भजनात काढलेला तरुण पन्नास-साठ चाली सहज म्हणतो, पेटीही धरतो. पण बहुतेकदा एकाच पट्टीतून. सूर पेटीच्या काळी चारवरून (चौथ्या काळ्या पट्टीवरून) पांढरी दोनवर आणायला सांगितला की बोटं हरवतात. चाल यमनची आहे की भूपाची, हे त्याच्या गळ्याला माहीत असतं, त्याला नसतं. दशावतारात, नमनात, जाखडीत असे गुणी लोक गावोगाव आहेत. त्यांना लहानपणी क्लास मिळाला असता तर भजन सुटलं असतं असं मानायला मला काहीच आधार दिसत नाही. शिवाय रक्ताचा युक्तिवाद सोयीस्करपणे अर्ध्या पोरांना वगळतो. मुलींच्या रक्ताबद्दल असं कुणी बोलल्याचं फारसं कानावर येत नाही, आणि पुष्कळ गावांत अजून झांज मुलग्याच्या हातात जाते, मुलगी आरतीचं ताट धरते.

मुलींचा विषय निघालाच आहे तर कुठल्या भजनात बसवावं याचं उत्तर त्यातच आहे: महिला मंडळाच्या. मुलगा असो की मुलगी. यामागे भावनेपेक्षा आवाजाचं शास्त्र आहे. लहान मुलाचा आवाज बाईच्या आवाजाच्या पट्ट्यात असतो. पुरुषाचा त्याच्या सप्तकभर खाली. सा तोच, पण एक सप्तक खालचा, हे मोठ्यांना आपसूक कळतं. सहा वर्षांच्या कानाला नाही. ते पुरुषाचा आवाज पकडायला खाली घसरतं, घोगरं होतं, आणि घरचे म्हणतात सूर नाही. बाबांच्या मागून बेसूर गाणारं पोर मावशीच्या मागून नीट गातं, हे कुणीही एका संध्याकाळी करून पाहावं. महिला मंडळं बहुधा घरात किंवा देवळाच्या सभामंडपात माईकशिवाय बसतात, दुपारी किंवा तिन्हीसांजेला, आणि नऊच्या आत उठतात. तिथली झांज किंचित पुढेमागे होईल, पखवाजाऐवजी ढोलकी असेल. चालेल. जवळ महिला मंडळ नसेल तर एकादशीची, गुरुवारची घरगुती बैठक निवडावी. पोराला पखवाजाच्या धुम्याकडच्या, म्हणजे डाव्या, खर्जाच्या अंगाला, तीन-चार हातांवर बसवावं. कणीक लावलेल्या त्या बाजूचा घुमारा ठेक्याचा कणा असतो आणि तो कानापेक्षा आधी पोटाला जाणवतो. झांजेच्या शेजारी मात्र बसवू नये. त्या पितळी कडकडाटात बाकी सगळं बुडतं.

पहिल्या चार-पाच बैठकांत हातात काही द्यायचं नाही. मग टाळ, छोटा, हलका. पोरं टाळ टाळीसारखा सपाट आपटतात. दोन्ही वाट्यांत हवा कोंडते आणि 'थप्' असा मुका आवाज येतो. एक वाटी स्थिर धरून दुसरीची कड तिच्या कडेवर किंचित तिरकी पडली की नाद सुटतो. दोरी बोटाभोवती गुंडाळून धरावी. मुठीत पितळ धरलं तर नाद मरतो. आधी भजनी ठेक्याच्या आठही मात्रांवर एकेक आघात. इथे नेहमीची चूक अशी की पोर मात्रेवर न वाजवता शब्दावर वाजवतं. 'विठ्ठल' आला की दोनदा, लांबवलेला स्वर आला की गप्प. ओरडून सुधारू नये. पाठीवर किंवा मांडीवर हलक्या बोटाने मात्रा देत राहाव्यात, आठवड्या-दोन आठवड्यांत हात शब्द सोडून ठेक्याला लागतो. ते जमलं की फक्त पहिली आणि पाचवी मात्रा वाजवायची, मधल्या तीन मनात. न वाजवलेल्या तीन मात्रा सांभाळता आल्या की तालाचं निम्मं काम झालं. क्लासातले सम (पहिली मात्रा), टाळी, खाली हे तालाचे शब्द त्याच्यावर अलगद बसतात. आवाज म्हणाल तर फक्त ध्रुवपदात, तोंड मिटून गुणगुणत. गजर चढायला लागला की टाळ खाली ठेवायचा आणि ऐकायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून असावा. पोराला तो जाचक वाटेल. थोडं रुसेल.

लयीसाठी भजनाच्या बाहेरही कोकणी घरात दोन फुकटचे शिक्षक आहेत. एक, ओटीवरचा झोपाळा. हलके झोके घेताना जोर थोडा कमी-जास्त झाला तरी एका फेऱ्याला लागणारा वेळ जवळपास तोच राहतो, लंबकाचाच नियम. पोराला झोपाळ्यावर बसवून ओळखीचं बडबडगीत म्हणायला लावावं, पुढच्या टोकाला एक टाळी. जोरात म्हणणं आणि भरभर म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बजावून जे होत नाही ते तिथे अंगाला कळतं. आरतीत पळणाऱ्या लयीवर हाच उतारा. दुसरी, पाखाडी. जांभ्याच्या पायऱ्या उतरताना आठपर्यंत मोजत, दर एकला टाच जरा जोरात. पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या असल्या की लय डगमगते आणि पोर ती सावरायला शिकतं. एकसारख्या सिमेंटच्या जिन्यावर ही मजा नाही. यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, शाळेत जाता-येता होतं.

पेटीबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत. कुणी पहिल्या शिकवणीआधीच नवी पेटी विकत आणतो, कुणी पेटीने कान बिघडतो म्हणून तिला शिवत नाही. दुसरा वाद जुना आहे. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती जवळजवळ तीन दशकं टिकली. तिच्यात मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, निघत नाही, तिचे सूर बांधीव असतात, म्हणून ती आपल्या गाण्याला घातक, असं म्हणणारे थोडेथोडके नव्हते. रवींद्रनाथांनाही ती पसंत नव्हती. आक्षेपात तथ्य आहे. पण बंदीच्या त्याच काळात मैफलीत, नाटकात, देवळात पेटी वाजत राहिली आणि तिच्या साथीने थोर गायक गात राहिले. तिच्याशी ताडून पाहिलं तर पेटी कामाची; तिच्यावर रेलून बसलं तर घातक. लहान पोराच्या बाबतीत याचा अर्थ असा की गाताना तिने शब्दागणिक पट्टी दाबत सोबत चालू नये. फक्त सा धरावा, तोही हलका, पोराला स्वतःचा आवाज ऐकू येईल इतका. मोबाइलवरचा तानपुरा त्याहून बरा. स्पीकर छोटा असेल तर खर्ज ऐकू येत नाही, म्हणून जमल्यास बाहेरचा स्पीकर जोडावा. संध्याकाळी दिवा लावताना दहा मिनिटं नुसता चालू ठेवला तरी पुरे.

तो कुठल्या पट्टीत लावायचा? पोराचा सा शोधायला पाच मिनिटं लागतात. पेटीची खर्ज रीड (खालच्या सप्तकाची) बंद, नर रीड (मधल्या सप्तकाची) उघडी ठेवून डावीकडच्या सप्तकात पांढरी चारपासून एकेक पट्टी वर चढायचं आणि पोराला 'आ' करायला सांगायचं. जिथे आवाज पहिल्यांदा न घोगरता, न हवा गळता येतो, त्याच्या एक-दोन पट्ट्या वर सा धरायचा. मग वरचा सा म्हणून घ्यायचा. हनुवटी उचलली गेली तर पट्टी खाली आणायची. बहुतेक लहान मुलांचा सा काळी चार ते काळी पाचच्या आसपास निघतो. ही पट्टी कागदावर लिहून शिकवणाऱ्याला द्यावी. दहा पोरांना एका पट्टीत गायला लावणं ही क्लासची अडचण समजण्यासारखी आहे, पण आपल्या पोराची पट्टी त्यांना माहीत तरी असू द्यावी.

घरात आजोबांची जुनी पेटी असेल तर आधी ती तपासावी, विशेषतः दसऱ्याच्या सुमाराला. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या किनारपट्टीत चार महिने बंद राहिलेली पेटी सुरात असेलच असं नाही. लाकूड फुगून पट्टी अडकते आणि सोडल्यावरही सूर वाजत राहतो. भात्याचं चामडं कडक होतं. खाऱ्या हवेने पितळी रीडला हिरवट थर धरतो आणि तो सूर जागचा हलतो. एक पट्टी दाबून आधी एकच रीड, मग दोन्ही उघडून ऐकावं. दोन्ही मिळून सूर लाटेसारखा हेलकावला तर त्या दोन रीड एकमेकींशी जुळत नाहीत. मिळवून आणेपर्यंत पोरासाठी एकच उघडी ठेवावी. पुढच्या पावसाळ्यात पेटी जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये, फळीवर ठेवावी, आणि गुंडाळून ठेवण्यापेक्षा दिवसाआड पाच मिनिटं भाता मारून वाजवावी. नवी पेटी घ्यायची घाई नको. सहा वर्षांच्या पोराचा डावा हात भात्यापर्यंत पोचेतो उजवा पट्ट्यांवरून सुटतो. शिकवणारे म्हणूनच आधी गळ्यावर काम घेतात.

क्लास निवडताना परीक्षांचा प्रश्न येतो. गांधर्व मंडळाची प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, असं चढत जायचं, आणि दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात हे आता प्रत्येक पालकाला पाठ आहे. गुण मिळावेत, त्यात वाईट काही नाही. तालुक्याच्या गावाला एसटीने ने-आण करणाऱ्या आईला त्या धावपळीचं काहीतरी हाती लागलंच पाहिजे. पण पहिल्याच भेटीत "परीक्षेला कधी बसवणार?" विचारणाऱ्या पालकाला शिकवणारा परीक्षेपुरतं देतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याऐवजी विचारावं: पहिल्या तीन महिन्यांत काय घेता? पोर एकटं गातं की नेहमी घोळक्यात? आणि आमचं पोर भजनाला जातं, त्याचं काय? शेवटच्या प्रश्नावर "बंद करा" एवढंच उत्तर आलं तर कारण विचारावं. आवाज ताणतो म्हणून असेल तर वरचे नियम सांगावेत. बहुतेक शिकवणारे मान्य करतात. भजन कमी दर्जाचं म्हणून असेल तर दुसरा क्लास बघावा.

पहिल्या दिवशी तासभर आधी पोराला पेज किंवा असंच काही हलकं द्यावं. भरल्या पोटी श्वास पुरत नाही आणि रिकाम्या पोटी लक्ष लागत नाही. कैरी-चिंचेवर फार दात धरू नये. बसलेल्या गळ्याचं खापर आपण आंबटावर फोडतो आणि आदल्या दिवशीचं ओरडणं विसरतो. सर्दीने नाक बंद असेल तर मात्र आठवडा पुढे ढकलावा. आईने क्लासात दिसेल अशा ठिकाणी बसावं, पण ओठ हलवू नयेत. आणि घरी परतल्यावर, विशेषतः मुंबईहून काका-आत्या आलेले असतील तेव्हा, "काय शिकलास, म्हणून दाखव" हे वाक्य कुणी उच्चारू नये. ते ऐकलं की पोर पुन्हा हनुवटी वर करून मोठ्याने सुरू होतं. आज बाईंनी कुठला सूर धरला होता, एवढंच विचारावं, आणि ते गुणगुणायला लागलं तर हळूच तानपुरा लावून द्यावा.